उजनी फुगवट्यावरील पाणपक्षी गणना : प्रकल्प नोंदी, हंगाम २०२३-२४

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

हंगामातील पहिली गणना आज पार पडली. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होऊन सालिम अली यांच्या जन्मदिवशी, म्हणजे १२ तारखेला, संपणाऱ्या पक्षी सप्ताहाचा हा पहिला दिवस असल्यामुळे आठ नवीन स्वयंसेवक आले होते. यंदा १२ तारखेलाच लक्ष्मीपूजन आहे. तेव्हा या आठांपैकी किती जण दिवाळीनंतर पहाटे साडेपाचला उठून येतात, हे पुढच्या गणनेच्या दिवशीच कळेल.

पद्धत गेल्या हंगामाचीच ठेवली आहे. एकाआड एक रविवारी, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाच्या आत सुरुवात करायची आणि ठरलेल्या चार ठिकाणी प्रत्येकी तीस मिनिटे थांबायचे. पहिले ठिकाण जॅकवेलच्या (पाणी उपसण्याच्या विहिरीच्या) कठड्यावर, दुसरे बाभळींच्या टेकाडावर, तिसरे उथळ दलदलीच्या पट्ट्यासमोर आणि चौथे होडीतून, मधल्या उंचवट्यासमोर. दिसलेला प्रत्येक पक्षी ओळखून मोजायचा आणि घरी गेल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘पूर्ण यादी’ म्हणून भरायचा. आपल्याला आवडलेले तेवढेच पक्षी लिहिले, तर ती यादी पूर्ण ठरत नाही आणि मग त्या यादीत नसलेला पक्षी तिथे नव्हता की कोणी लिहिलाच नाही, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.

पाऊस कमी झाल्याने उजनीचा साठा ऑक्टोबरात साठ टक्क्यांच्या आसपासच थांबला. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते आणि टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याचीच काढतात, त्यामुळे येथील टक्केवारी शून्याच्याही खाली जाते आणि ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इकडे दूधडेअरीपासून बसस्थानकापर्यंत ऐकू येते. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, एरवी मार्चमध्ये उघडा पडणारा गाळाचा काठ यंदा कितीतरी आधी उघडा पडणार आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी कुठे व केव्हा दिसतील याचे आमचे अंदाज बहुधा चुकणार.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आठांपैकी तिघे आले. अपेक्षेपेक्षा एक जास्त.

नावांचा घोळ आज पुन्हा झाला. एका नवीन मुलीने नावाडी काकांनी सांगितल्याप्रमाणे ‘वारकरी’ लिहिले, दुसऱ्याने पुस्तकातील ‘चांदवा’ लिहिले आणि दोघांचे आकडे वेगवेगळ्या ओळींत गेल्याने कपाळावर पांढरा टिळा असलेला तो एकच काळा पक्षी आमच्या कागदावर दोन जातींचा झाला. नावाडी काकांचा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण तो पक्षी थव्याने, एका लयीत माना हलवत पाण्यावरून जाऊ लागला की वारीच आठवते. परंतु नोंदीच्या तक्त्यात आता प्रत्येक जातीचा एकच शब्द आणि शेजारी छायाचित्र असे कार्ड लावले आहे. त्याच कार्डावर ‘धनवर’च्या जागी ‘हळदी-कुंकू बदक’ हे नाव घातले, कारण चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी असलेले दोन लाल ठिपके एकदा त्या नावाने दाखवले, की शाळेतील मुले तो पक्षी परत चुकत नाहीत.

१७ डिसेंबर २०२३, रविवार

दाट धुके असल्यामुळे पहिल्या ठिकाणी वीस मिनिटे काहीच दिसले नाही. तरीही तीस मिनिटे पूर्ण थांबलो आणि शेऱ्यात धुक्याची नोंद केली.

तिसऱ्या ठिकाणी तलवार बदकांचा एक थवा दोघांनी स्वतंत्रपणे मोजला. एकाचा आकडा १४० आला आणि दुसऱ्याचा २१५. सरासरी काढून मोकळे व्हावे, असे एक मत पडले. मला ते पटले नाही, कारण हा फरक कोठून आला हे कळल्याशिवाय काढलेली सरासरी म्हणजे दोन चुकांची वाटणी. दुर्बिणीतून छायाचित्र घेतले आणि घरी पडद्यावर मोठे करून मोजले, तेव्हा पहिल्याने पंखात चोच खुपसून झोपलेले आणि गवताआडचे पक्षी सोडले होते, तर दुसऱ्याने थव्याच्या टोकाला असलेले थापटे बदकही त्यातच धरले होते, असे दिसून आले. खरा आकडा १९० च्या आसपास होता.

संध्याकाळी सर्वांना घरी बोलावून ताटात ज्वारीचे दाणे पसरले आणि दहा सेकंदांत अंदाज सांगायचा, मग प्रत्यक्ष मोजायचे, असा सराव घेतला. आधी दहा दाणे नजरेत धरायचे, ते दहा ताटाचा केवढा भाग व्यापतात ते पाहायचे आणि मग तो ठोकळा पुढे सरकवत जायचे, ही जुनीच युक्ती आहे. सुरुवातीला सगळेच निम्म्यावर अडकत होते. माझाही पहिला अंदाज तीनशेला एकशे ऐंशी होता.

१४ जानेवारी २०२४, रविवार

आजची गणना आशियाई पाणपक्षी गणनेसाठीही दिली. ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि १९६७ पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा ती भाग आहे. एकाच पंधरवड्यात अनेक देशांत मोजणी होत असल्यामुळे, मध्य आशियातून आलेला एखादा थवा आज उजनीवर आणि महिन्याभराने दुसऱ्या जलाशयावर असा दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

पट्टकदंब हंस सर्व ठिकाणी मिळून ८६ मोजले. ते रात्री पाण्यावर थांबतात आणि सूर्य वर येऊ लागताच हरभऱ्याच्या व गव्हाच्या शेतांकडे उडतात, त्यामुळे वीस मिनिटे उशीर झाला असता तर हाच आकडा शून्यावर आला असता. नेमून दिलेल्या वेळेबाबत मी जो हट्ट धरतो, त्याबद्दल मंडळी माझ्यावर कुरकुरतात. आज कोणी कुरकुरले नाही. चक्रवाकाची एक जोडी नेहमीप्रमाणे जॅकवेलजवळ एकत्रच बसलेली होती. जुन्या काव्याने या जोडीला रोज रात्री विरहात ठेवले असले, तरी नावाडी काकांच्या म्हणण्यानुसार रात्रभर त्यांचा एकाच जागेवरून आवाज येत असतो.

२८ जानेवारी २०२४, रविवार

धरण मायनसमध्ये गेले. गाळाचा पट्टा आताच दोन-तीनशे मीटर पुढे सरकला असून शेकाटे, तुतवार आणि पंटवे त्यावर पसरले आहेत. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) पहिला मोठा थवा तिसऱ्या ठिकाणी उतरला होता, पण त्यांचा आकडा आज लिहिता आला नाही. आम्ही मोजायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला पर्यटकांना घेऊन आलेली एक होडी, पंखांखालचा गुलाबी रंग उडतानाच दिसतो म्हणून, थेट थव्यात घातली गेली. थवा उडाला, दोन तुकड्या झाल्या आणि त्यांतली एक चौथ्या ठिकाणाकडे गेली. पुन्हा मोजले असते, तर तेच पक्षी दोनदा आले असते. म्हणून रोहितांसमोर ‘उपस्थित, मोजणी नाही’ असे लिहून शेऱ्यात कारण दिले.

नावाडी काकांनी संध्याकाळी घाटावर इतर होडीवाल्यांशी बोलणे केले. पाहुणे जास्त पैसे देऊ करतात, ही त्यांची अडचण खरी आहे; चिलापी माशाचा भाव पडला की या चार महिन्यांच्या फेऱ्यांवरच घर चालते. पण वारंवार उडवलेला थवा काठ सोडून मध्यावर जाऊ लागला की फेरी लांबते आणि डिझेलही जास्त लागते, हा काकांचा मुद्दा आमच्या पक्षीप्रेमाच्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडला. शंभर मीटर अंतरावर इंजिन बंद करून बांबूने होडी लोटायची, असे ठरले.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

आमच्या ठरलेल्या रविवारांबाहेरची ही नोंद आहे. १६ ते १९ फेब्रुवारी या चार दिवसांत जगभर चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’साठी शाळेतील बावीस मुलांना गावाच्या ओढ्याकाठी नेले. भारतात ही मोजणी २०१३ पासून होते आणि पंधरा मिनिटांची यादीही तिला चालते, त्यामुळे मुलांसाठी ती सोयीची आहे.

सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, आमच्या यादीत तर साळुंकी, कावळा आणि होलाच आहे, हे पाठवून काय होणार?’’ त्याला मी गेल्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्षीस्थितीच्या अहवालाबद्दल सांगितले. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी भरलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला असून १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य दिले आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी साठ टक्के घटलेल्या आढळल्या. हा कल काढण्याची मूळ रीत अशी, की शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, हे वर्षानुवर्षे पाहायचे. म्हणजे ज्या यादीत माळढोक नाही आणि तीन साळुंक्या आहेत, तीसुद्धा त्या भागाकारात छेदाच्या जागी बसते. ‘छेद’ म्हटल्यावर मुलाचा चेहरा पडला, पण यादी त्याने पाठवली.

१० मार्च २०२४, रविवार

हंस गेले. २५ फेब्रुवारीला ३१ होते, आज एकही नाही. तलवार बदके थोडी उरली आहेत, भुवई बदके मात्र अजून बऱ्यापैकी आहेत.

ई-बर्डवरील आमच्या भागाच्या परीक्षकांचा, जे स्वतःही स्वयंसेवकच आहेत, निरोप आला. २५ तारखेच्या यादीतील ‘छोटा रोहित, ६’ या नोंदीला आधार काय, असे त्यांनी विचारले होते. ज्याने ती नोंद केली त्याला राग आला, कारण त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिले होते. छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली, तेव्हा ती मोठ्या रोहिताची करड्या रंगाची पिल्ले असल्याचे स्पष्ट झाले. वयात न आलेले पक्षी उंचीने कमी आणि मळकट असतात, आणि चोचीचा गडद लाल रंग कोणत्याच छायाचित्रात नव्हता. नोंद बदलली. अशी दुरुस्ती करताना मन जरा खट्टू होते, हे मान्य केले पाहिजे. या हंगामातील आमचा एकमेव ‘दुर्मीळ’ पक्षी तिच्याबरोबर गेला.

७ एप्रिल २०२४, रविवार

चौथ्या ठिकाणासमोरचा उंचवटा आता पुरता उघडा पडला असून साधारण दीड एकराचे वाळू-खड्यांचे बेट तयार झाले आहे. त्यावर छोट्या आर्लींची वसाहत आणि नदी सुरयांची घरटी आहेत. घरटी म्हणायचे ते नावापुरते, कारण खड्यांत पोटाने केलेला उथळ खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, याहून अधिक काही नसते. होडी चाळीस मीटरवर उभी करून दुर्बिणीतून मोजणी केली, तेव्हा अंड्यांवर बसलेले १४ सुरय आणि ३७ आर्ली दिसले. टिटवीची दोन घरटीही आहेत. नदी सुरय आता जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात गेलेला पक्षी आहे, म्हणून हे बेट आमच्यासाठी उरलेल्या हंगामाचे मुख्य काम राहील.

यासाठी नियम वेगळे केले आहेत. बेटावर कोणीही उतरायचे नाही. निरीक्षण सकाळी साडेसातच्या आत संपवायचे आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे नाही. या पक्ष्यांसाठी अंडी उबवणे हे एप्रिलमध्ये अर्धे काम असते, उरलेले अर्धे काम ती थंड ठेवण्याचे असते. पालक पक्षी पाण्यात पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर सावली धरून उभे राहतात. दुपारी अकराच्या उन्हात आपण त्यांना दहा मिनिटे उठवले, तर ती अंडी आपण भाजली असे समजावे. बेटाचे ठिकाण आणि छायाचित्रे हंगाम संपेपर्यंत कोठेही टाकायची नाहीत. ई-बर्डची यादीही संपूर्ण फुगवट्याच्या सर्वसाधारण ठिकाणावर भरली जाईल. वनरक्षकांना मात्र प्रत्यक्ष जागा दाखवून ठेवली.

२१ एप्रिल २०२४, रविवार

पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर आल्यामुळे तिकडे गर्दी लोटली आहे आणि आमच्या बाजूला त्यामानाने शांतता आहे. पण पाणी जे तिकडे करते आहे, तेच इकडेही करते आहे. बेट आणि काठ यांच्यामधला खोलगट भाग आटून चाळीस फूट रुंदीची गाळाची वाट तयार झाली आहे. म्हणजे बेट आता बेट राहिले नसून भूशिर झाले आहे, आणि त्या ओल्या गाळावर कुत्र्यांच्या पावलांचे ठसे आज स्पष्ट दिसले. वाटेच्या तोंडाजवळची पाच-सहा आर्लींची घरटी रिकामी होती, टरफलेसुद्धा नव्हती.

काय करावे यावर बराच वाद झाला. चर खणून पाणी पुन्हा आत घ्यावे, ही सूचना मी नाकारली, कारण धरणाच्या जमिनीत परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही, हे आपण सुरुवातीलाच ठरवले आहे आणि परवानगी येईपर्यंत पिल्ले उडून गेलेली असतील किंवा खाल्ली गेलेली असतील. शेवटी मार्ग सुचवला तो पलीकडच्या माळावर वाडा टाकून असलेल्या धनगर आबांनी. त्यांना आम्ही विनंती करायला गेलो होतो ती एवढीच, की तीन आठवडे मेंढरे त्या टोकावर सोडू नयेत. ते म्हणाले, ‘‘मेंढरं नेत न्हाई, पर कुत्र्याला कोन सांगनार? वई घाला की.’’ वई म्हणजे काटेरी कुंपण; वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या कशा अडकवायच्या, बुंधे कोणत्या बाजूला ठेवायचे आणि खालची फट कशी बुजवायची, हे त्यांनी आणि त्यांच्या नातवाने उभे राहून दाखवले. शेजारी गाळपेर (पाणी ओसरून उघड्या पडलेल्या) जमिनीत काकडी लावलेल्या शेतकऱ्याने फांद्या आणायला बैलगाडी दिली. वनरक्षक हजर होते. सकाळी सहा ते साडेसात एवढ्या वेळातच, बेटाकडे पाठ करून काम केले, उरलेले उद्या.

आमच्यापैकी एकाने दुपारीच ‘कुंपणामुळे घरटी वाचली’ असा मजकूर तयार केला होता. तो थांबवला. अजून काहीच वाचलेले नाही, आणि उद्या घरटी वाचली तरी ती वईमुळे वाचली असे म्हणायला, वई न घातलेले असेच दुसरे टोक आमच्याकडे तुलनेसाठी नाही.

५ मे २०२४, रविवार

७ तारखेच्या मतदानामुळे आमच्यातील चार शिक्षक निवडणुकीच्या कामावर आहेत आणि मीही त्यांतलाच एक असल्याने उद्या साहित्य घेऊन केंद्रावर जायचे आहे. आजची गणना दोघांनीच केली, दुसरे ठिकाण गाळावे लागले. गाळलेल्या ठिकाणाचे रकाने रिकामे ठेवले आहेत; तिथे शून्य लिहायचे नाही, हे पुन्हा एकदा सर्वांना कळवले.

१९ मे २०२४, रविवार

सुरयांची नऊ पिल्ले मोजली, त्यांपैकी चार पंख फडफडवण्याइतकी मोठी. आर्लींची पिल्ले खड्यांच्या रंगात इतकी मिसळतात की ११ हा आकडा किमान समजावा. वईत दोन ठिकाणी फट पडली होती. तिथे कुत्र्याचे नव्हे, मुंगसाचे ठसे आहेत. काठाशी सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकलेला एक पाणकावळा काकांनी सोडवला, मात्र त्याच्या पंखाला जखम होती आणि तो उडाला नाही. पोहत गेला.

२४ मे २०२४, शुक्रवार

२१ तारखेच्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. शोधकार्य चालू असताना आमच्या भागातील सगळे नावाडी तिकडे होते. चौथ्या ठिकाणची होडीतील गणना या हंगामापुरती बंद केली आहे. आजवर आपण पोहता येते का, हे विचारूनच माणसे होडीत घेत होतो आणि तेवढ्यावर समाधान मानत होतो. जीवरक्षक जाकिटे नव्हती. ती सर्वांसाठी मिळेपर्यंत पुढच्या हंगामातही होडी काढली जाणार नाही. त्यामुळे बेटाच्या आकड्यांत पडणारा खंड तसाच दाखवला जाईल.

२ जून २०२४, रविवार

तीनच ठिकाणे. बेट वईच्या अलीकडून, काठावरूनच पाहिले. उडणारे सुरय १९, त्यांत आखूड शेपटीचे, यंदाचे म्हणून ओळखता आलेले ५. अंतर वेगळे आणि कोन वेगळा असल्यामुळे हा आकडा १९ मेच्या आकड्याशेजारी ठेवू नये, अशी टीप जोडली आहे. रोहित अजून तिसऱ्या ठिकाणी आहेत. ढगांचा गडगडाट झाला की सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर होतात.

१६ जून २०२४, रविवार

पाणी वाढू लागले असून वईच्या बुंध्यापर्यंत आले आहे. फांद्या वाहून जाऊन कोणाच्या जाळ्यात अडकू नयेत म्हणून काल आणि आज त्या ओढून काढल्या. आबांचा वाडा हलला असल्याने नातवाच्या सूचनांविना हे काम दुप्पट वेळ चालले. तिसऱ्या ठिकाणी रोहित शून्य. बेटावर आर्ली शून्य, सुरय दोन, टिटवी एक.

सर्व याद्या भरून झाल्या आहेत, २५ फेब्रुवारीची दुरुस्ती आणि २८ जानेवारीची मोजणीविना राहिलेली नोंद यांसह. मोठ्या दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी दिसू लागली आहे, ती पुण्याला साफ करायला द्यायची आहे. जाकिटांसाठी वर्गणी सुरू केली असून आजपर्यंत तीन जाकिटांपुरते पैसे जमले आहेत. होडीत पाच जण बसतात.